जवाई पीत नाही ना, मग झालं!

परवा ओट्यावर बायांचं चाललं होतं, "पोरगा पीत नाही, पत्ते नाही, आंडेर (पोरगी) सुखात राहील." डोकंच फिरलं माझं. माझ्या चुलत बहिणीचा नवरा सुपारीचं खांड पण खात नव्हता हो!

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, सासरच्या पोरी माहेरी येतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला भाऊ मुराळी म्हणून, म्हणजे तिला घ्यायला, नाशिकला गेला अन् एकटाच परत आला, सासूचा गुडघा दुखतो म्हणे. दुसऱ्या वर्षी सुट्टी नाही. तिसऱ्या वर्षी सरळ "पाठवणार नाही". आणि आम्ही काय म्हटलं माहितीये? त्यांच्याकडे आखाजीचं एवढं नसतं, अन् जवाईला करमत नाही तिच्याशिवाय, किती जीव लावतो बघा. निंबाला झोका बांधला, सांजोऱ्या झाल्या, सगळ्या पोरी आल्या, हीच नाही.

फोन केला की स्पीकरवर. जन्मभर अहिराणीत भांडलेली पोरगी आमच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, "हो काकू, सगळं छान आहे." आम्ही हसायचो, शहरी झाली म्हणून. नंतर कळलं, त्याला अहिराणी समजत नव्हती म्हणून बंदीच होती.

दारूने धोका वाढतो हे खरंच आहे, नाकारत नाही. लहानपणी घरात आईला मार खाताना पाहिलेल्यांच्या संसारातही जास्त दिसतं. पण सरकारच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चौथ्या बाईने नवऱ्याचा त्रास सोसल्याचं सांगितलंय, ते सगळे काय बेवडे आहेत का? त्याच सर्वेक्षणात बायकांना अजून प्रश्न असतात, माहेरच्यांशी बोलणं कमी करायला लावतो का, मैत्रिणींना भेटू देतो का, सारखं कुठे आहेस विचारतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवतो का. हे वाचताना मला आमची आखाजीच आठवली. पोरगा बघायला जातो तेव्हा पगार विचारतो, शेती विचारतो, मोठ्या वहिनीला माहेरी किती दिवस पाठवता हे कोणी विचारतं का?

आणि 2005 च्या कायद्यात फक्त मारहाण नाही, शिव्या, टोमणे, पैसे अडवणं हे पण हिंसाच आहे. तिच्याकडे तर भाजीचेही पैसे मोजून असायचे.

एकदा त्याने गळा दाबला. तेव्हा पण घरातले मोठे म्हणे, "रागात होतं कधी कधी." अरे, गळा दाबणं म्हणजे पुढे जीव जाऊ शकतो याच्या सगळ्यात मोठ्या खुणांपैकी एक समजतात! आणि बाई सोडून निघते तेव्हा धोका अजून वाढतो, त्यामुळे "ये ना मग निघून" असं फोनवर सांगून मोकळं होऊ नका, आधी कोण घ्यायला येणार, कागद कुठे, राहणार कुठे हे ठरवा, 181 ला फोन करा, अंगावर आलाच तर 112.

यंदाच्या आखाजीला ती होती. झोक्यावर बसली, गौराईची गाणी म्हटली. मध्येच कोणाचा तरी फोन वाजला अन् ती झोका थांबवून खालीच उतरली.