पॅलेटच्या यादीतली किंमत म्हणजे तुमची कमाई नव्हे

"परत आलेल्या मालाचे पॅलेट लिलावात छापील किमतीच्या १५ टक्क्यांत मिळतात. आणा, खोकी उघडा, निम्म्या किमतीला विका, पैसे तिप्पट." अशा अर्थाचे व्हिडिओ आणि पोस्ट सतत फिरत असतात. पॅलेट म्हणजे फळीवर रचून प्लास्टिकने गुंडाळलेला मालाचा ढीग; ग्राहकांनी दुकानांना परत केलेला माल असा घाऊक विकला जातो. धंदा खोटा नाही. त्यावर नीट पोट भरणारे लोक आहेत. पण या सांगण्यातला जवळजवळ प्रत्येक दुवा कच्चा आहे, आणि उसने पैसे घेऊन पहिला पॅलेट उचलणाऱ्याला त्याची झळ बसते. म्हणून एकेक दावा तपासू.

"यादीत १०० ची किंमत, आपण दिले १५"

मॅनिफेस्ट म्हणजे पॅलेटवरच्या मालाची यादी: वस्तूचं नाव, बारकोड, नग, छापील किंमत, बेरीज. ही छापील किंमत बहुधा वस्तू बाजारात आली तेव्हाची असते. मधल्या काळात नवं मॉडेल येतं, सवलती लागतात, दर उतरतात. तेव्हा आधी तीच वस्तू आज सीलबंद कितीला जाते ते शोधा. त्यातही विक्रेत्यांनी मागितलेले भाव धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांचे भाव धरा.

उदाहरणादाखल हिशोब करू. यादीची बेरीज १००. आजचा नव्याचा भाव ७०. खोकं उघडलेली वस्तू त्याच्या ६० टक्क्यांना गेली तर ४२. त्यातला ६० टक्के माल विकण्याजोगा निघाला तर साधारण २५. विक्री संकेतस्थळाचं कमिशन, पॅकिंग आणि पाठवणी यांत ३० टक्के गेले, उरले १७.६. आता खर्च. बोली १५, त्यावर लिलावगृहाचा १० टक्के आकार धरून १६.५, वाहतूक ४, निकामी मालाची विल्हेवाट १. एकूण २१.५. म्हणजे मजुरीचा एक पैसाही न धरता जवळपास ४ चा तोटा, आणि कर लागू असेल तर आणखी.

हाच हिशोब उलटा करा. हाती येणारे १७.६, त्यातून वाहतूक ४, विल्हेवाट १ आणि हवा असलेला नफा ५ वजा केला की ७.६ उरतात. त्याला १.१ ने भागलं की बोलीची कमाल मर्यादा मिळते: ७ च्या किंचित खाली. १५ टक्के स्वस्त वाटतात ते फक्त छापील किमतीशेजारी ठेवले म्हणून. आकडे तुमच्या मालाचे घाला, पण पायरी एकही गाळू नका, आणि ही मर्यादा लिलाव सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवा.

"लोक उगाच परत करतात, माल चांगलाच असतो"

कपड्यांच्या बाबतीत यात तथ्य आहे, कारण मापात न बसलेला शर्ट सदोष नसतो. विजेच्या वस्तूंचं तसं नाही. परत आलेला माल तुमच्यापर्यंत पोचण्याआधी अनेक चाळण्यांतून गेलेला असतो. सीलबंद नग पुन्हा दुकानात जातो, पुरवठादाराशी तसा करार असेल तर काही माल त्याच्याकडे, दुरुस्त करून विकण्याजोगा महाग माल दुरुस्ती करणाऱ्यांकडे. जे कोणालाच परवडलं नाही ते पॅलेटवर चढतं. म्हणून वर्णनातला शब्द नीट वाचा. ओव्हरस्टॉक म्हणजे न खपलेला नवा साठा. शेल्फ पुल म्हणजे दुकानाच्या मांडणीतून काढलेला, खोकं मळलेला माल. कस्टमर रिटर्न म्हणजे वापरलेलं काहीही असू शकतं. साल्व्हेज म्हणजे मोडकं समजूनच घ्यायचं. आणि 'अनटेस्टेड' लिहिलं असेल तर 'बंद' असं वाचून बोली लावा.

"यादी नसलेल्या पॅलेटमध्ये खजिना सापडतो"

यादी नसलेला माल तुमच्याकडे येण्याआधी किती हातांतून फिरला हे तुम्हाला कळत नाही, आणि प्रत्येक हाताला त्यातली चांगली वस्तू काढून घेता येते. नामांकित कंपन्यांचे पॅलेट कवडीमोल भावात देऊ करणाऱ्या आणि आधी पैसे मागणाऱ्या जाहिराती तर बहुतांशी फसवणूकच असतात.

"प्लग लावला, दिवा लागला, झालं"

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो. दिवा लागणं म्हणजे वस्तू चालणं नव्हे.

आधी खोक्यावरचा अनुक्रमांक आतल्या वस्तूवरच्या क्रमांकाशी जुळवा. नवी वस्तू ठेवून घेऊन खोक्यात जुनी भरून परत करणारे असतात. सीलबंद दिसणारं खोकंही वजनकाट्यावर ठेवून त्यावर छापलेल्या वजनाशी ताडून पाहा.

फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) चोरीच्या यादीत नाही ना, हे तपासा. आयफोनला अॅक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या खात्याचं कुलूप) असेल किंवा अँड्रॉइड फोन रीसेटनंतर जुनं गूगल खातं मागत असेल, तर तो फोन सुट्या भागांच्या किमतीचा. एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी आपल्या नियंत्रणाखाली नोंदवलेले लॅपटॉप फॉरमॅट केल्यावरही पुन्हा त्या कंपनीचंच लॉगिन मागतात.

हवेची गादी फुगवून २४ तास ठेवा. बारीक गळती तासाभरात कळत नाही. कॉफी मशीनमधून नुसतं पाणी दोनदा फिरवा आणि खाली कोरडा कागद ठेवा. बॅटरीवरचं ड्रिल मोकळं फिरवून उपयोग नाही, लाकडात स्क्रू बसवून पाहा. धातूच्या अंगाच्या आणि अर्थिंग असलेल्या उपकरणात फेज व न्यूट्रल एकत्र जोडून अंगाशी ५०० व्होल्ट डीसी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासा. १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर ते विकू नका, स्वस्तातही नाही. घेणाऱ्याला शॉक बसण्याचा प्रश्न आहे.

फुगलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावू नका. ती वेगळी, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे.

तपासणी, सफाई, फोटो, वर्णन आणि पॅकिंग मिळून नगामागे २५ मिनिटं धरली, तर ४० नगांना १६ तास ४० मिनिटं लागतात. हा वेळ कुठल्याच व्हिडिओच्या हिशोबात दिसत नाही.

"नवीन म्हणून विकायला टाका"

एकदा ग्राहकाच्या हाती जाऊन आलेली वस्तू 'नवीन' या वर्गात टाकू नका. उत्पादकाची हमी तिला लागू होईलच असं नाही, तक्रार आली की तुमचं विक्रेता खातं धोक्यात येतं. अनेक ब्रँडची विक्री करण्याआधी संकेतस्थळ परवानगी मागतं आणि त्यासाठी लिक्विडेशनचं, म्हणजे अशा घाऊक लिलावातल्या खरेदीचं, बिल बहुधा चालत नाही. लॉटच्या (एकत्र विकल्या जाणाऱ्या मालाच्या) अटींत कुठे विकू नये, कोणते स्टिकर काढावेत, हेही असू शकतं. उत्पादकाने सुरक्षेच्या कारणाने परत मागवलेली वस्तू तर नाही ना, हे मॉडेल क्रमांकावरून बघा. लहान मुलांच्या कार सीटचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर ती विकूच नका.

"वाईट निघालं तर परत देता येतं"

बहुतेक लॉट 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकले जातात, परतावा नाही. दाद मागता येते ती फार तर यादीत मोठी तफावत असल्याची, तीही ठरलेल्या मुदतीत. म्हणून प्लास्टिकचं आवरण कापण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, कापल्यावर प्रत्येक थराचे काढा, आणि वाहतुकीत झालेली मोडतोड पोचपावतीवर लिहिल्याशिवाय सही करू नका. पॅलेट बहुधा १२०० बाय १००० मिमीचा असतो आणि भरल्यावर शेकडो किलोंचा होतो. माल उतरवायचा धक्का नसेल तर हायड्रॉलिक फळीची गाडी आधीच सांगावी लागते, त्याचे पैसे वेगळे. दाराची रुंदी मोजून ठेवा, नाहीतर पॅलेट बाहेरच फोडावा लागेल.

निकामी मालातून थोडं वसूल होतं, हे मात्र खरं. काच फुटलेल्या टीव्हीत पॅनेल गेलं तरी पॉवर बोर्ड, मेन बोर्ड, रिमोट आणि पायांचे स्टँड विकले जातात. मिक्सरची भांडी, झाकणं, अॅडॅप्टर यांनाही गिऱ्हाईक असतं. मात्र प्रत्येक भागाला मॉडेल आणि बोर्डवरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी उघडतानाच लावा, कारण क्रमांकाशिवायचा बोर्ड कोणी घेत नाही.