अभिषिक्ताला हिशेब विचारला म्हणून शाप लागत नाही

मावशीने दोन दिवस अन्न टाकलं होतं. उपास तिला नवे नाहीत, पण या वेळी कारण विचारलं तर सांगेना. शेवटी तिने फोनच माझ्यापुढे धरला. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर आलेला लांबलचक फॉरवर्ड होता: ‘खऱ्या अभिषिक्त सेवकाच्या सहा खुणा’. अभिषिक्त म्हणजे देवाने निवडून नेमलेला, इथे पाळक. खाली नेहमीची ताकीद, पुढे पाठवा, आशीर्वाद अडवू नका.

आदल्याच रविवारी मावशीने इमारत निधीचं काय झालं एवढं विचारलं होतं. तेही उपासना संपल्यावर, बाजूला जाऊन, हळू आवाजात. फॉरवर्ड दुसऱ्या दिवशी आला. तो तिच्यासाठीच टाकला असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तो आधीच दोन ठिकाणांहून येऊन गेला होता आणि मी न वाचता पुसला होता. ती माझी चूक. कारण सत्तरी ओलांडलेली ही बाई नातवाच्या तापाचा संबंध आपल्या त्या एका प्रश्नाशी जोडत बसली होती.

सहा खुणा थोडक्यात अशा. एक, त्याच्या हातून चमत्कार होतात आणि त्याचा भविष्यवाद, म्हणजे देवाच्या नावाने सांगितलेला संदेश, खरा ठरतो. दोन, तो दीर्घ उपास करतो आणि रात्र रात्र प्रार्थनेत असतो. तीन, त्याच्यात यहूदाच्या सिंहाचा आत्मा असतो, तो माणसांपुढे वाकत नाही, माफी मागत नाही. चार, नम्रता ही विश्वासात नवीन असलेल्यांसाठी, पुढे जाणाऱ्याला देव अधिकार देतो. पाच, मंडळीतली खरी नम्र माणसं अन्याय झाला तरी तोंड उघडत नाहीत. सहा, त्याला प्रश्न विचारणाऱ्याच्या घरावर शाप येतो.

गंमत बघा, चौथ्या खुणेत सेवकाला नम्रतेतून सूट आणि पाचव्या खुणेत बाकीच्यांना तिची सक्ती. पण मी क्रमाने जाणार नाही. सहावी आधी, कारण विष तिथे आहे.

तिला आधार म्हणून बायबलच्या स्तोत्र १०५ मधलं पंधरावं वचन दिलंय: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, माझ्या संदेष्ट्यांना इजा करू नका. आणि वर, मोशेविरुद्ध बोलली म्हणून त्याची बहीण मिर्याम हिच्या अंगावर कोड उठल्याचं उदाहरण.

हे वचन पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच्या वरच्या तीन ओळी वाचल्या असतील? बाराव्या वचनापासून वाचायला हवं. तिथे मूठभर माणसं आहेत. परक्या मुलखात, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकणारी. स्तोत्र ज्यांची आठवण काढतंय ते इस्राएलाचे मूळपुरुष, अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक आणि नातू याकोब. स्वतःचं राज्य नाही की सैन्य नाही. त्यांच्यासाठी देव दटावतो कोणाला? राजांना. म्हणजे ही बलवानाला दिलेली तंबी आहे, उपऱ्याच्या बाजूने. ती व्यासपीठावरच्या माणसाने उचलून शेवटच्या बाकावरच्या म्हातारीवर उगारायची, हा कुठला न्याय?

आणि ‘हात लावणं’ म्हणजे काय, तेही शास्त्रातच आहे. उत्पत्तीचा विसावा अध्याय काढा. अब्राहाम गरारमध्ये राहायला जातो आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगतो. राजा अबीमलेख तिला घेऊन जातो. देव स्वप्नात येऊन राजाला अडवतो, मीच तुला तिला हात लावू दिला नाही, असं म्हणतो आणि सांगतो, तो माणूस संदेष्टा आहे. संदेष्टा हा शब्द बायबलमध्ये पहिल्यांदा येतो तो इथे, सातव्या वचनात. स्तोत्रातल्या ‘माझ्या संदेष्ट्यांना’चं मूळ या कथेत आहे.

मग पहाटे उठून अबीमलेख काय करतो? पाया पडतो? शापाला भिऊन गप्प बसतो? तो त्या संदेष्ट्याला बोलावून घेतो आणि सरळ जाब विचारतो. आमच्याशी तू हे काय केलंस? मी तुझा काय अपराध केला होता? करू नये ते तू माझ्याशी केलंस. देवाने हा माणूस संदेष्टा असल्याचं सांगून काही तास झालेत, आणि राजा त्यालाच विचारतोय. वीज पडत नाही. कोड उठत नाही. उलट अब्राहामालाच खुलासा करावा लागतो.

सव्विसाव्या अध्यायात इसहाक हाच प्रकार पुन्हा करतो, राजाचं नावही पुन्हा अबीमलेखच. हा राजा इसहाकला आधी चांगला खडसावतो आणि लगेच लोकांना हुकूम देतो की या माणसाला किंवा याच्या बायकोला जो हात लावील तो मरेल. एकाच प्रसंगात जाबही विचारला आणि हात लावायला बंदीही घातली. त्या परक्या राजाला या दोन गोष्टींतला फरक कळत होता.

दावीदाचं उदाहरणही अशा ठिकाणी हमखास येतं, की अभिषिक्त राजा शौल दावीदाच्या जिवावर उठला असूनही दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही. खरं आहे. पण पहिल्या शमुवेलाचा चोविसावा अध्याय अर्ध्यावर मिटू नका. गुहेत झग्याचा काठ कापून घेतलेला दावीद नंतर बाहेर येतो, शौलाला हाक मारतो, जमिनीपर्यंत लवतो आणि मग सर्वांदेखत तो काठ दाखवून विचारतो, लोकांचं ऐकून तू माझ्या मागे का लागला आहेस? तुझ्यामाझ्यात परमेश्वरच न्याय करो. तलवार म्यानात होती, पण तोंड बंद नव्हतं. आणि हाच दावीद पुढे स्वतः अभिषिक्त राजा झाला, दुसऱ्याची बायको बथशेबा हिचं प्रकरण झालं, तेव्हा संदेष्टा नाथान त्याच्या तोंडावर म्हणाला की तो अपराधी मनुष्य तूच. नाथानच्या घरावर शाप आल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

मिर्यामच्या बाबतीत मात्र मला थोडं मागे यावं लागतं. गणना १२ मध्ये तिला शिक्षा झाली, आणि ती देवाने केली, हे खोटं नाही. पुढाऱ्याचा हेवा करून, त्याच्या बायकोवरून बोट दाखवून त्याला खाली खेचायला निघणं हे पाप आहे आणि मंडळ्यांमध्ये ते भरपूर चालतं. प्रत्येक तक्रार करणारा नाथान नसतो. हे मान्य. पण त्याच अध्यायात तिसऱ्या वचनात लिहिलंय की मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता. तो बहिणीला शापाची धमकी देत नाही. स्वतःची बाजूही मांडत नाही, ती देव मांडतो. मोशेच्या तोंडून एकच वाक्य येतं: देवा, तिला बरं कर. ज्यांना मिर्यामची शिक्षा पाठ आहे त्यांनी मोशेची ही प्रार्थनाही पाठ करावी.

आता हिशेबाचं. मावशीने निधीबद्दल विचारलं हे फार मोठं धाडस वाटत असेल तर पहिला शमुवेल, अध्याय १२. म्हातारा संदेष्टा शमुवेल सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून स्वतःच म्हणतो, हा मी इथे आहे, माझ्याविरुद्ध साक्ष द्या. मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला लुबाडलं? कोणाकडून लाच घेतली? कोणी मागितलेलं नसताना. आणि प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो तेव्हा करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगतो की या देणगीच्या कारभारात कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून आम्ही जपतो. प्रभूपुढे जे बरं तेच नव्हे, माणसांपुढेही. म्हणून मंडळ्यांनी नेमलेला माणूस तो सोबत घेतो. प्रेषिताला साक्षीदार लागत होता!

सहावी खूण इथे संपली. खरं तर सगळा फॉरवर्डच इथे संपला, कारण बाकीच्या पाच या सहावीपर्यंत पोचायच्या पायऱ्या आहेत. तरी पाचवी आणि चौथी सोडून चालणार नाही.

पाचवी म्हणते, नम्र माणूस मुकाट सोसतो. दुसरा गाल पुढे करा हे येशूने सांगितलंय, त्याला मी नाही म्हणत नाही. सूड घेऊ नका हा त्याचा अर्थ आहे. पण योहान १८ मध्ये महायाजकापुढे एक शिपाई येशूच्याच तोंडात मारतो, तेव्हा येशू काय करतो? तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरं बोललो असेन तर मारतोस का? पौलाचं बघा. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात घातलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्या म्हणून निरोप धाडला. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, उघड्यावर मारलंत आणि आता चोरून घालवता? स्वतः या आणि बाहेर काढा. आले ते, विनवण्या करत. पुढे याच फिलिप्पैच्या मंडळीला पौल लिहितो की नम्रतेने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. वाचणाऱ्यांत तो तुरुंगाचा प्रसंग आठवणारी माणसं असणार. त्यांना त्यात विसंगती वाटली नसेल, कारण पौलाने तिथे मान मागितला नव्हता, खरं काय ते मागितलं होतं. स्पेनमधल्या संत आविलाच्या तेरेसाने १५७७ मध्ये लिहिलंय की नम्रता म्हणजे सत्यात चालणं. माझ्या मते तेवढी एक व्याख्या पुरेशी आहे. सत्य दडपून पाळलेली शांतता दबकलेपणाची असते, आणि तिचा फायदा कोणाला होतो ते उघड आहे.

चौथी खूण सगळ्यांत हुशारीने लिहिली आहे. नम्रता नवख्यांसाठी, मग अधिकार. म्हणजे ती बालवर्गाची पाटी, वरच्या वर्गात गेलं की फेकून द्यायची. योहान १३ मध्ये नेमकं उलट आहे आणि लेखकाने ते मुद्दाम नोंदवलंय. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे जाणून येशू भोजनावरून उठला, रुमाल कमरेला बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. सर्व अधिकार हाती आहे हे ठाऊक असताना त्या हातांनी धरलं काय, तर शिष्यांचे धुळीचे पाय. त्यांत त्याला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचेही होते.

पौलाचा प्रवासही तसाच. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो स्वतःला प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणतो. इफिसकरांच्या पत्रात सर्व पवित्र जनांमध्ये कनिष्ठाहून कनिष्ठ. तीमथ्याला पहिल्या पत्रात पाप्यांमध्ये मुख्य, आणि तेही ‘होतो’ नव्हे, ‘आहे’. यांतली शेवटची दोन पत्रं पौलाच्याच हातची का यावर अभ्यासकांत वाद आहे, ते असो. मंडळीने ती पौलाची म्हणून जपली, आणि परंपरेचा क्रम धरला तर माणूस वर्षांगणिक खाली खाली सरकतोय. ४१० मध्ये दियोस्कोरस नावाच्या हुशार तरुणाला उत्तर देताना ऑगस्तीनने लिहिलं की सत्याकडे जाणारी वाट पहिली नम्रता, दुसरी नम्रता, तिसरीही नम्रता. कितीदाही विचारलंस तरी तेच सांगेन. ऑगस्तीन स्वतः बिशप होता. त्याला ‘पुढची पातळी’ सापडली नव्हती म्हणायची.

तिसरी, सिंह. प्रकटीकरण ५ मध्ये वडिलांपैकी एक जण योहानाला सांगतो, पाहा, यहूदाच्या वंशाचा सिंह. योहान वळून बघतो तर वधलेला कोकरा उभा आहे. सिंह तोच, कोकराही तोच, येशू. आणखी काय सांगायचं? माफीचं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये पौल महायाजकाला चुना लावलेली भिंत, म्हणजे ढोंगी, म्हणतो आणि तो महायाजक आहे हे कळताच भर सभेत शब्द मागे घेतो. आणि रोमी अधिकारी कर्नेल्य पाया पडला तेव्हा प्रेषित पेत्राने त्याला उठवलं, म्हणाला, मीही माणूसच आहे.

पहिली, चमत्कार. मत्तय ७ मध्ये तुझ्या नावाने आम्ही भविष्यवाद केले, भुतं काढली, पुष्कळ चमत्कार केले म्हणणाऱ्यांना प्रभू म्हणतो, माझी तुमची कधी ओळख नव्हती. आणि रोग बरे करायचा अधिकार देऊन पाठवलेल्या बारा जणांच्या यादीत शेवटचं नाव कोणाचं आहे, बघून घ्या. यहूदा इस्कर्योताचं.

दुसरी, उपास. उपास-प्रार्थना चांगली, मावशीच्या उपासांवरच आमचं घर उभं आहे. पण लूक १८ मधला परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा, तोही आठवड्यातून दोनदा उपास करत होता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो त्याच्याबरोबर प्रार्थनेला आलेला, पापी समजला जाणारा जकातदार.

हे सगळं मी मावशीला इतक्या सुसंगतपणे सांगितलं नाही. तिच्यापुढे फक्त उत्पत्तीचा विसावा अध्याय उघडून ठेवला. तिने चष्मा लावला, बोट ठेवून सावकाश वाचलं, अबीमलेखाच्या प्रश्नापाशी थांबली.

“मग अब्राहामाने काय सांगितलं गं?”

वाच पुढे, म्हटलं. अब्राहाम सांगतो की इथे देवाचं भय नसेल, बायकोपायी मला मारतील असं वाटलं, आणि तशी ती माझी बहीणही लागते, बाप एक, आई वेगळी. मावशीने तेवढं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “सबब लंगडीच आहे मेली. पण विचारल्यावर उत्तर तरी दिलं त्याने.”

मग मला म्हणाली, ताट वाढ.