शर्यतीनंतरची तीस मिनिटे

गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी झालेल्या 50 मैलांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत मी स्वयंसेवक म्हणून दिवसभर घोड्यांची नाडी मोजत होतो, आणि त्याच आठवड्यात निपाणीजवळच्या माझ्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पुढच्या जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती भरवाव्यात की नाहीत यावर वाद पेटला होता. सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी अशा खेळांना परवानगी देणारे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले असल्याने आता बोलण्यासारखे काही उरलेले नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. शर्यती बंद करणारा त्याच न्यायालयाचा 2014 चा निकालच योग्य होता, असे दुसऱ्या बाजूचे. मी दोन्ही बाजू नीट वाचल्या. निशाण ओलांडल्यानंतर जनावराचे काय होते, याविषयी कोणीही एक ओळ लिहिली नव्हती.

घोडेस्वारीच्या या स्पर्धेत 50 मैलांचे, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरचे अंतर डोंगरवाटांनी जास्तीत जास्त 12 तासांत कापायचे असते, पण नुसते पोहोचून भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक तपासणीच्या ठिकाणी घोडा आला की वेळ टिपली जाते आणि तिथून तीस मिनिटांच्या आत त्याची नाडी ठरलेल्या आकड्याच्या खाली यावी लागते. आमच्याकडे तो आकडा मिनिटाला 60 ठोके असा होता. मग पशुवैद्य हिरडी अंगठ्याने दाबून रंग किती लवकर परततो ते पाहतात, मानेची कातडी चिमटीत धरून अंगात पाणी किती आहे याचा अंदाज घेतात, पोटाचे आवाज ऐकतात आणि घोड्याला दुडक्या चालीने पळवून तो लंगडतो का ते तपासतात. शेवटच्या टप्प्यानंतरही घोडा पुढे जाण्याइतका तंदुरुस्त ठरला, तरच स्पर्धा पूर्ण झाली असे मानतात. याच परिसरात 1955 पासून चालत आलेल्या टेव्हिस कप या 100 मैलांच्या स्पर्धेत पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी सर्वांत उत्तम प्रकृतीच्या घोड्याला वेगळा चषक दिला जातो.

मी पशुवैद्य नाही, संगणकावर काम करणारा माणूस आहे. घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचे, एवढे मला सकाळी शिकवले गेले. एका ठोक्याचे दोन आवाज ऐकू येतात आणि नवखा माणूस ते दोन्ही मोजतो, त्यामुळे माझ्या पहिल्या घोड्याची नाडी दुप्पट भरली होती. दुपारी एक करडा अरबी घोडा आला. साठीच्या पुढची त्याची मालकीण त्याच्या मानेवर स्पंजाने पाणी सोडत होती आणि मी मोजत होतो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला 68 भरले. तिसाव्या मिनिटाला पशुवैद्यांनी स्वतः मोजले, तेव्हा 66 भरले, आणि घोडा बाद झाला. त्या बाईंनी एका शब्दानेही हुज्जत घातली नाही. घोड्याच्या मानेला कपाळ टेकवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्याला सावलीत घेऊन गेल्या.

आमच्या माळावर एक घोडा आणि एक बैल एकाच छकड्याला जुंपून होणारी शर्यत मी लहानपणी पाहिली आहे. चुलत्यांनी घरातले दूध आधी घोड्याला पाजले आणि खरारा केल्याशिवाय स्वतः कधी जेवले नाहीत. म्हणून शर्यतवाले निर्दय असतात, असे शहरातून लिहिणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही. पण त्याच चुलत्यांचा बैल एका वर्षी निशाण ओलांडून उसाच्या बांधाशी गुडघ्यांवर बसला, त्याच्या तोंडातून फेस गळत होता, आणि आम्ही सगळे निकाल ऐकायला पंचांच्या मांडवाकडे धावलो होतो. जिंकण्याच्या त्या घटकेला मालकाच्या मायेवर विसंबून चालत नाही. तिथे निकालाशी काही देणेघेणे नसलेला, हातात घड्याळ असलेला तिसरा माणूस लागतो.

परदेशात सारे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. याच खेळात जिथे मोठ्या बक्षिसांबरोबर वेग वाढला, तिथे घोड्यांचे पाय मोडले, घोडे मेले, आणि 2015 मध्ये जागतिक अश्वारोहण महासंघाला संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित करावे लागले. नाडीचे नियम तिथेही होते. बक्षिसाला मोटारसायकल लावणाऱ्या आमच्या मंडळींनी यावर विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

घोड्याला जपत लांबचा पल्ला गाठणे आमच्या जिल्ह्याला नवे नाही. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी माउलींच्या पालखीसाठी आळंदीपर्यंत मुक्काम करत चालत जातात, आणि त्यांतल्या माउलींच्या अश्वावर कोणीही स्वार होत नाही. स्वयंसेवकांचीही आम्हाला वाण नाही; महाप्रसादाच्या पंगतीत वाढायला आमच्या गावात शंभर पोरे उभी राहतात. त्यांतल्या चौघांनी निशाणापाशी पाण्याच्या घमेल्यांसह थांबावे, बैलाची आणि घोड्याची नाडी किती वेळात किती खाली यावी हे पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे आणि तोवर बक्षीस जाहीर करू नये, एवढीच माझी पंचांना विनंती आहे. गाड्या कागलकडूनही येतात आणि रायबागकडूनही, म्हणून हा नियम महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गाड्यांना सारखाच हवा.

चुलत्यांना मी हे फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बैलाची नाडी कुठं लागती, ते तू हितं येऊन दाव." जत्रेसाठी मी रजा घेतली आहे आणि दोन स्टेथोस्कोप बॅगेत भरून ठेवले आहेत.