नव्या होस्टला नावं कशी ठेवावीत

गेल्या शनिवारी एडिसनला आमच्या साडूंकडे पॉटलक होतं. हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये गरम साबुदाणा वडा, आणि तो तोंडात घालायच्या आत माझ्याकडून एक गाढवपणा झाला. अमेरिकन टीव्हीवरच्या रात्रीच्या टॉक शोंचा विषय निघाला होता म्हणून बोलून गेलो, "कोल्बेअरचा शो बंद करायचं ठरवलं चॅनेलने, ते काही मला पटलं नाही."

साडूंनी ताकाचा ग्लास खाली ठेवला. त्यांनी ग्लास खाली ठेवला की घरातली जाणती माणसं भांडी आवरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकतात. मला तेवढं सुचलं नाही.

"कोल्बर्ट?" ते म्हणाले. शेवटचा 'ट' चांगला ठणठणीत. "अहो, कार्सन गेला आणि लेट नाइट संपलं. पुढचे सगळे नुसते भरतीचे."

पुढची चाळीस मिनिटं ते बोलत होते. वडा गार झाला, मग चामट झाला. पण ज्ञान मिळालं. एवढं ज्ञान एकट्याने दाबून ठेवणं बरं नव्हे. तेव्हा टॉक शोला नवा होस्ट आला की आपलं जाणकार मत कसं द्यावं, याचा हा छोटासा वस्तुपाठ. इथल्या मंडळींना उपयोगी पडेलच, आणि पुण्या-मुंबईत बसून क्लिपा बघणाऱ्यांनाही.

तर सगळ्यात आधी, शो बघायचा नाही. हे पथ्य कडक पाळा. शो लागतो रात्री ११:३५ला, तेव्हा तुम्ही घोरत असता. सकाळी ट्रेनमध्ये फोनवर दीड मिनिटाची क्लिप येते, ती बघा. इअरफोन घरी राहिले असतील तर उत्तम. विनोद ऐकू आला नाही म्हणजे तो फसला, असं धरून चालायचं.

मग गेलेल्याचे गोडवे गायचे. यात आपल्या लोकांना मुळातच गती आहे. आपण नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' हे दोन शब्द शोधणारी माणसं. बदली नट कितीही जीव तोडून काम करो, मध्यंतरात बटाटेवडा खाताना "तुम्ही मूळ संच बघायला हवा होता" असं म्हणणारा एक तरी भेटतोच, आणि तो नेहमी आपल्यापेक्षा पुढच्या रांगेत बसलेला असतो. साडूंचा मूळ संच म्हणजे जॉनी कार्सन. "आम्ही कार्सनवर वाढलो," हे त्यांचं पेटंट वाक्य.

आता मी हिशेब मांडणारा माणूस नाही. पण चाळीस मिनिटं हातात होती. कार्सनने 'द टुनाइट शो' १ ऑक्टोबर १९६२ला हातात घेतला आणि २२ मे १९९२ला सोडला. साडू एमएस करायला ओहायोत उतरले ते १९९१च्या ऑगस्टात. म्हणजे यांची वाढ झाली ती नऊ महिन्यांत. बरं, चार पोरांत मिळून एक टीव्ही, त्याच्या अँटेनाला फॉइल गुंडाळलेलं, हे त्यांनीच मागे एका दिवाळीला सांगितलेलं. आणि कार्सन शेवटच्या वर्षांत आठवड्यात जेमतेम तीन-चार रात्री यायचा. सोमवारी आणि सुट्ट्यांत त्याच्या जागी बसायला १९८७पासून ठरलेला बदली होस्ट होता. त्याचं नाव जे लेनो. थोडक्यात, साडूंनी पाहिलेल्या कार्सनपैकी बराचसा लेनो होता! त्याच लेनोने पुढे 'कार्सनचा शो मातीत घातला' हे त्या रात्री मी तीनदा ऐकलं.

हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याकडे परत जेवायला जायचंय.

नवा होस्ट राजकारणावर बोलला तर "फार राजकारण करतो" म्हणा. नाही बोलला तर "दात नाहीत हो याला" म्हणा. 'टुनाइट'वाल्या जिमी फॅलनने २०१६च्या सप्टेंबरात उमेदवार ट्रम्पचे केस गमतीत विस्कटले, तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. तेच लोक आता म्हणतात, जरा हलकंफुलकं काही करत नाहीत हे.

होस्ट बाई असेल तर "ओरडते फार" एवढं पुरतं.

टेबल बदललं तर टेबल का बदललं. नाही बदललं तर तेच टेबल.

मत देण्याचा मुहूर्तही महत्त्वाचा. काही अडाणी लोक पहिला भाग होईपर्यंत थांबतात. तुम्ही नाव जाहीर झालं त्याच संध्याकाळी उरकून टाका. ट्रेव्हर नोआचं नाव बातम्यांची टर उडवणाऱ्या 'द डेली शो'साठी ३० मार्च २०१५ला जाहीर झालं. एक दिवस उलटला नाही तोच लोकांनी त्याची वर्षानुवर्षांपूर्वीची ट्वीटं उकरून काढली. तो पहिल्यांदा खुर्चीत बसला २८ सप्टेंबरला. मधले सहा महिने लोक न झालेल्या कार्यक्रमाला नावं ठेवत होते. "जॉन स्टुअर्टचा शो तो, याला काय झेपणार!" आता गंमत अशी की तो शो मुळात स्टुअर्टचाही नव्हता. १९९६ला सुरू झाला तेव्हा तिथे क्रेग किलबोर्न होता, आणि १९९९च्या जानेवारीत स्टुअर्ट हाच नवा होता. पण मूळ संच म्हणजे आपण ज्या दिवशी टीव्ही लावला त्या दिवशीचा संच, ही व्याख्या लक्षात ठेवा म्हणजे गोंधळ होत नाही. नोआने सात वर्षं तो शो केला, २०२२च्या डिसेंबरात सोडला, आणि सर्वोत्कृष्ट टॉक शोचं एमी हे टीव्ही पारितोषिक त्याच्या नावच्या शोला मिळालं ते २०२४च्या जानेवारीत. तोवर तो जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यानंतर साडूंना तो आवडायला लागला. "नोआ होता तोवर बघण्यासारखं होतं," परवाच म्हणाले.

पहिल्याच रात्री निकाल लावायचा. याला कॉनन ओब्रायनसारखं उदाहरण नाही. १९९३. एनबीसी चॅनेलवर साडेबाराचा शो करणाऱ्या लेटरमनला 'टुनाइट' मिळाला नाही, तो लेनोला गेला, म्हणून लेटरमन सीबीएस या दुसऱ्या चॅनेलला गेला आणि ती साडेबाराची खुर्ची रिकामी झाली. तिथे बसवला कोण? तीस वर्षांचा एक लेखक. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' आणि 'सिम्पसन्स'साठी लिहायचा, कॅमेऱ्यासमोरचा अनुभव जवळपास शून्य. बिचाऱ्याला स्वतःलाच ठाऊक होतं. १३ सप्टेंबरच्या पहिल्या भागाची सुरुवातच त्याने तशी केली: पठ्ठ्या मजेत घरून स्टुडिओत निघालाय आणि वाटेत भेटेल तो त्याला बजावतोय, लेटरमनइतकं चांगलं झालं पाहिजे हं! टीकाकारांनी हा विनोद समजून न घेता तेच वाक्य दुसऱ्या दिवशी छापलं. हात कुठे ठेवावेत कळत नाही, केस कसले, हसतो कसला. चॅनेलही असं भित्रं की करार वाढवायचे ते तेरा-तेरा आठवड्यांचे. भाड्याच्या घराचा करारसुद्धा अकरा महिन्यांचा असतो हो! आणि हा माणूस तेरा आठवड्यांच्या टांगत्या तलवारीखाली रोज रात्री विनोद करतोय. करून बघा एकदा. ऑफिसात तुमची एक पीपीटी असते, वर्षातून चार वेळा, त्यातही पहिल्या स्लाइडला घाम फुटतो. हा रोज. सोमवार ते शुक्रवार. सकाळी लिहायचं, दुपारी तालीम, संध्याकाळी चित्रण, रात्री प्रसारण, आणि सकाळी पुन्हा कोरा कागद. अशी सोळा वर्षं काढली त्याने. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या ज्या टीकाकाराने त्याला सुरुवातीला सोलून काढलं होतं, त्याने काही वर्षांनी शब्द मागे घेतले. छापून घेतले. तुमच्या ओळखीत आहे का कुणी असा, मत मागे घेणारा? माझ्या नाही. माझा साडू आहे.

आणि एवढं करून २००९च्या १ जूनला त्याला 'टुनाइट' मिळाला, तर पुन्हा तेच! "लेनोची सर नाही." लेनो जाऊन तीन दिवस झाले होते, तीन! आदल्या आठवड्यापर्यंत लेनो म्हणजे कार्सनचा शो बुडवणारा होता, या आठवड्यात तो मूळ संच झाला. चॅनेलने आणखी शहाणपणा केला, लेनोलाच रात्री दहाचा शो दिला, तो पडला, त्याच्यामागच्या बातम्या पडल्या, गावोगावची स्टेशनं बोंबलायला लागली, आणि उपाय काय काढला, तर कॉननलाच १२:०५ला ढकला. तो नाही म्हणाला. २२ जानेवारी २०१०ला संपलं. आठ महिनेसुद्धा नाहीत. मग लोक रस्त्यावर आले, पावसात त्याच्या 'कोको' या टोपणनावाचे फलक घेऊन उभे राहिले, "आम्ही कोकोच्या बाजूने!" अहो, मग ११:३५ला कुठे होतात? आकडे लेटरमनच्या खाली घसरत होते तेव्हा कुठल्या पावसात होतात? फलक रंगवायला वेळ होता, टीव्ही लावायला नव्हता? आता २०२५ला त्याला विनोदासाठीचा मार्क ट्वेन पुरस्कार मिळाला, ऑस्करचं सूत्रसंचालनही केलं, तर सगळ्यांना तो पहिल्या दिवसापासून आवडत होता म्हणे.

असो. उपरोध करायला बसलो होतो. पुढची सूचना.

पुढची सूचना अशी की हे कौशल्य फक्त इंग्रजीपुरतं ठेवू नका. २०२५च्या जुलैत 'चला हवा येऊ द्या' परत आलं, निलेश साबळेच्या जागी अभिजीत खांडकेकर. साडूंनी इकडे न्यू जर्सीत सोफ्यावर बसून पहिल्या प्रोमोलाच निकाल दिला, "साबळे नाही, मजा नाही." साबळे होता तेव्हा ते म्हणायचे, "काय तो थुकरटपणा!" शब्द माझा नाही, त्यांचा. म्हटलं ना, गती लागते.

त्याच जुलैत, १७ तारखेला, सीबीएसने कोल्बेअरचा 'लेट शो' बंद करायचं जाहीर केलं होतं. कारण दिलं पैशाचं.

मी तो शो एकदा प्रत्यक्ष पाहिलाय. २०१५चा ऑक्टोबर, कोल्बेअरला खुर्चीत बसून महिना झाला होता. तिकीट फुकट असतं, पण ब्रॉडवेच्या फुटपाथवर रांगेत उभं राहावं लागतं. एड सलिव्हन थिएटरात थंडी अशी की हिने माझंही जाकीट घेतलं. त्या दिवसांत सगळ्यांची एकच तक्रार होती: याचं आधीच्या शोमधलं जुनं सोंग, तो आचरट उजवा टीव्ही-पंडित, ते कुठे गेलं? हा नुसता स्वतःच आहे, याला कोण बघणार? ब्रेक झाला. बँड वाजायला लागला, लोक उभं राहून टाळ्या पिटत होते. तो टेबलावर वाकून एका कार्डावरची ओळ खोडत होता. खोडली. वर काहीतरी लिहिलं. तेही खोडलं. मेकअपवाली त्याचं कपाळ टिपून गेली, त्याला कळलंही नसावं. मग बँड थांबला, त्याने मान वर केली आणि हसला, जणू आत्ताच जेवून उठलाय. तो विनोद विशेष नव्हता, खरं सांगतो. तीसेक लोक हसले असतील. पण मी रात्री घरी येऊन ११:३५ला जागा राहिलो आणि तो पुन्हा पाहिला. पुढे दीड-दोन वर्षांत त्या वेळेला सगळ्यात जास्त प्रेक्षक त्याचे झाले. माणसाला वेळ दिला की तो खुर्चीत बसायला शिकतो. पण तेवढा वेळ आपल्याला कुठला!

तर मंडळी, आता साध्या भाषेत बोलतो. तुम्ही बघत नाही. कुठलाच शो बघत नाही. कार्सन नऊ महिने पाहिलात, लेटरमनची टॉप टेन यादी कुणीतरी ईमेलने पाठवायचं ती वाचलीत, स्टुअर्ट निवडणुकीपुरता आणि कोल्बेअर क्लिपेपुरता. आणि एवढ्या शिदोरीवर समोरच्या माणसाच्या आवडीवर थुंकता. न आवडणं ठीक आहे हो, मलाही 'लेट लेट शो'चा जेम्स कॉर्डन कधी आवडला नाही, गाडीत गाणी म्हणायचा तेव्हा मी चॅनेल बदलायचो. पण बदलायचो म्हणजे लावला होता! दहा भाग पाहिले होते! तुम्ही दहा मिनिटं द्यायला तयार नाही आणि मत मात्र चाळीस मिनिटांचं. लाज वाटायला हवी. दोनशेच्या आसपास माणसं कामाला होती त्या एका 'लेट शो'वर, लेखक, वाजवणारे, ती कपाळ टिपणारी बाई. तुम्ही कुणी त्यांची नोकरी घालवली नाहीत, तेवढी तुमची पोहोच नाही. पण जो शो कुणी ११:३५ला लावत नाही, त्याला जाहिरात द्यायला कोण येणार, एवढं गणित एमएस झालेल्या माणसाला यायला हवं.

निघताना साडू दारापर्यंत आले. वहिनींनी उरलेले वडे डब्यात भरून दिले होते. चपला घालत होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण मग आता त्या खुर्चीत बसवणार कुणाला?" माझं 'शो बंद' त्यांनी ऐकलंच नव्हतं. नाव ऐकलं आणि सुटले होते.

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "नवा होस्ट वगैरे काही नाही. 'लेट शो'च बंद. लेटरमनने १९९३ला सुरू केलेला अख्खा कारभारच गुंडाळणार."

साडू त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गप्प झाले. चेहऱ्यावर खरोखर धक्का होता.

"असं कसं?" ते म्हणाले. "मग रात्री साडेअकराला लावायचं काय?"