ऑर्थोटिक सुखतळा आणि तलवारबाजीचे बूट: ‘एक साइज मोठा घ्या’ हा सल्ला का चुकतो

तलवारबाजांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. पायाच्या मापाने ऑर्थोटिक सुखतळे (टाचेला आणि कमानीला आधार देणारे कडक सुखतळे) करून घेतले असतील तर बूट एक साइज मोठे घ्या, सुखतळा बुटातल्या सुखतळ्यावर ठेवून द्या, आधार तोच देतो म्हणून बूट कुठलेही चालतात, आणि सुरुवातीला टोचलं तरी वापरून सैल होतं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण तो ऐकून दुखरी टाच जास्त दुखायला लागते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘एक साइज मोठा घ्या.’ सुखतळ्याला जागा लागते हे खरं, पण ती उंचीची आणि रुंदीची, लांबीची नव्हे. युरोपीय मापात एक साइज वाढवली की बूट सुमारे ६.७ मिमी लांब होतो, ब्रिटिश मापात जवळजवळ ८.५ मिमी. टाचेखाली आणि कमानीखाली जी जागा हवी होती, ती त्या मानाने फारशी वाढतच नाही.

लांब बुटाचा त्रास लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून केलेल्या हल्ल्यात, कळतो. पुढची टाच आधी टेकते, मग तळ आपटतो, शरीर थांबतं आणि पाय बुटाच्या आत पुढे सरकतो. अंगठ्याचं नख काळं पडतं. शिवाय बूट जिथे वाकतो ती रेघ चवड्याच्या सांध्याखाली यायला हवी. बूट लांब झाला की ती बोटांकडे जाते आणि मागच्या पायाने रेटा देताना बूट एका जागी वाकतो, पाय दुसऱ्या. नाड्या कितीही आवळा, पायाच्या वरच्या बाजूला वळ उठतील, टाच मात्र हलतच राहील.

त्याऐवजी त्याच साइजमध्ये रुंद आणि खोल बूट शोधा. नाड्यांची भोकं बोटांच्या बाजूला जितकी खालपर्यंत गेलेली असतील तितका बूट वरून मोकळा करता येतो. सुखतळा चवड्याच्या मागेच संपणारा, म्हणजे पाऊण लांबीचा असेल तर बोटांखाली काहीच भर पडत नाही आणि बहुतेक वेळा नेहमीचंच माप बसतं. पूर्ण लांबीचा असेल तर बोटांखाली साधारण २ ते ३ मिमीची भर पडते. बोटं वर टेकत असतील तर अर्धी साइज वाढवा, त्याहून जास्त नको.

‘आतल्या सुखतळ्यावर ठेवा.’ ही सगळ्यात मोठी चूक. ऑर्थोटिकच्या टाचेखालचा उतार अंशाअंशाने घासून ठरवलेला असतो, आणि खाली सपाट, घट्ट तळ आहे हे त्यात धरलेलं असतं. मऊ स्पंजावर ठेवलात की तो एका कडेला जास्त दबतो आणि तुमच्यासाठी मोजलेला कोन बदलतो. वर टाचही ४-५ मिमी उचलली जाते. बुटाची मागची कडक भिंत टाचेला जिथे पकडते तिथून टाच वर येते आणि प्रत्येक पावलाला निसटते.

मूळ सुखतळा काढायचाच. चिकटवलेला असेल तर टाचेकडून केसांच्या ड्रायरने थोडं ऊबवा आणि हळूहळू सोला. ओढून काढलात तर खालचं शिवलेलं कापड फाटतं. मग आत हात घालून चाचपा. काही बुटांत टाचेखाली मऊ गादीसाठी खळगा असतो. गादी काढल्यावर तो मोकळा राहिला तर ऑर्थोटिक त्यात डुगडुगतो. त्याच आकाराचा घट्ट ईव्हीएचा (एक प्रकारच्या फोमचा) तुकडा कापून खळगा बुटाच्या तळाशी सपाट करून घ्या. पाऊण लांबीच्या सुखतळ्याची पुढची कड चवड्याला बोचत असेल तर वरून १.५ ते २ मिमीचं पूर्ण लांबीचं पातळ आवरण चिकटवून घ्यावं.

बसला की नाही, हे पाहायची सोपी रीत: सुखतळ्याच्या खालच्या बाजूला खडू घासा, तो बुटात ठेवा, नाड्या बांधून दहा पावलं पुढे-मागे करा, आणि काढून बघा. टाचेखाली दोन्ही बाजूंना सारखा खडू पुसला गेला असेल तर बैठक बरोबर आहे. एकाच कडेला पुसला गेला असेल तर तो तिरका बसलाय. कमानीजवळची कड बुटाच्या भिंतीला घासून वर उचलली जात असेल तर सुखतळा बुटापेक्षा रुंद आहे. ती कड करून देणाऱ्याकडूनच घासून घ्या. घरी कात्री लावू नका, सुखतळ्याच्या कडक कवचाला चीर पडली की ते तिथूनच तुटतं.

‘बूट कुठलेही चालतात.’ सुखतळा आधार देतो, पण तो उभा बुटावर असतो. धावण्याच्या बुटाचा जाड, मऊ तळ ऑर्थोटिकखाली दबतो, उंचीमुळे घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळायची भीती वाढते, आणि बाहेर आलेली टाचेची कड लंजमध्ये आधीच अडकते. तलवारबाजीच्या बुटाची टाच मागून गोल असते आणि रबर वरपर्यंत चढलेलं असतं, ते याचसाठी. मागचा पाय आतल्या कडेवर घासतो म्हणून तिथेही मजबुती असते. हॅन्डबॉलचे किंवा इनडोअर कोर्टचे सपाट बूट बरेच जण वापरतात आणि सुरुवातीला ते चालतात. मागच्या बुटाच्या आतल्या कडेकडे मात्र लक्ष ठेवा, ती आधी झिजते.

इथे दोन पायांचा फरक विसरला जातो. पुढच्या पायाला टाचेचा दणका बसतो. कडक कवचावर पातळ कापडच असेल तर टाचेचं हाड ठणकतं, तिथे ३ मिमी घट्ट फोमचं आवरण हवं. त्यावर वेगळी प्लास्टिकची टाचेची वाटी मात्र घालू नका, एका वाटीत दुसरी वाटी बसत नाही. मागच्या पायाला उंच आतली कड नडते, ती घोट्याखालच्या हाडावर दाबते. सुखतळे करून घेतानाच कुठला पाय पुढे असतो ते सांगा.

‘वापरून सैल होतं.’ चामडं रुंदीत थोडं सैलावतं. कृत्रिम कापड जवळजवळ नाही, आणि लांबी कशातच वाढत नाही. कमानीला दोन-चार दिवस नवखेपणा जाणवणं वेगळं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर ते घट्टपण आहे, बूट परत करा. नवा सुखतळा आधी रोजच्या बुटात तासाभराने सुरू करून वाढवत न्या, मग १५ मिनिटं फक्त पावलांचा सराव, त्यात त्रास नसेल तर लंज, आणि लढत सगळ्यात शेवटी.

बूट घ्यायला जाताना सुखतळे आणि गुडघ्यापर्यंतचे खेळाचे मोजे सोबत न्या. टाच बुटाच्या मागच्या भिंतीला टेकवून नाड्या बांधा, सगळ्यात वरच्या भोकांतून फास घेऊन टाच आवळा, आणि तिथेच दहा लंज मारा. बोटांपुढे ८ ते १० मिमी मोकळे हवेत. टाच निसटत असेल तर तो बूट नको, साइज कुठलीही असो. पुढे कवच करकरायला लागलं तर त्याच्या खालच्या बाजूला थोडी टाल्कम पावडर चोळा. बुटाच्या बाहेरच्या तळाला ती लागू देऊ नका, धातूच्या पिस्टवर (लढतीच्या पट्टीवर) पाय सटकतो.