आमच्या घराची पट्टी

आपल्या घरात शांतता असते अशी ज्याची समजूत असेल, त्याने एक कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक, विकत घ्यावा. तो चालायला ४८ व्होल्ट लागतात, ते ऑडिओ इंटरफेस या माइक आणि लॅपटॉप जोडणाऱ्या डबीतून मिळतात. डोकं फिरायला नुसता माइक पुरतो.

सांगलीच्या आत्याला हल्ली वाचवत नाही, तेव्हा दिवाळी अंकातल्या कथा वाचून, रेकॉर्ड करून पाठवाव्यात, एवढाच साधा बेत होता. हेडफोन लावले, तर मी तोंड उघडण्याआधीच मागून कोणीतरी सुरुवात केली होती : घूंऽऽ.

बायको गाणं शिकते. तिने हेडफोन कानाला लावला, पेटीवर दोन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठेतरी आहे. बेसूर आहे." हे शास्त्राला धरूनच आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि ५० हर्ट्झ नेमके या दोन स्वरांच्या फटीत पडतात. न्यू जर्सीच्या मेव्हण्याकडे ६० हर्ट्झ. त्याचं घर काळी पाचच्याही वर गुणगुणतं. त्याचं सगळंच आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत असतं.

लॅपटॉपचा चार्जर काढला की घूं गायब, लावला की हजर. लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटला, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर, दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी आणि वर केबलने दोघं जोडलेले. असं वर्तुळ पुरं झालं की त्यातून वीज फिरते आणि कानात येते. इलेक्ट्रिशियनने पाहिलं न पाहिलं आणि प्लगची जाड पिन छाटायला पक्कड काढली. मी त्याचा हात धरला. अर्थिंग तोडलं की आवाज जातो, पण एखाद्या दिवशी माणूसही जातो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणलं आणि घूं निमूट गेली.

ती गेल्यावर तिच्याआड लपलेले बाकीचे पुढे आले. झर्रर्र हा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. तो विजेची प्रत्येक लाट मधेच कापतो आणि त्या तुकड्यांचे काटे वायरिंगभर पसरतात. जुना खोक्याएवढा रेग्युलेटर बिचारा नुसता तापायचा. सासऱ्यांच्या बटणांच्या फोनचं टिट-टिरिट तर रिंग वाजायच्या आधीच हेडफोनमध्ये यायचं. "बाबा, तुमचा फोन येतोय," असं मी आधीच सांगू लागल्यामुळे सासरी माझ्याबद्दल प्रथमच आदर निर्माण झाला.

पंखा बंद, फोन बाल्कनीत, फ्रिज बंद (दूध नासलं, तो विषय वेगळा). तरी सूंऽऽ उरलीच. तिचा गुन्हेगार घरातला नाही. तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने चुळबुळतात, त्याचा हा आवाज. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली तो मोजून, गणित मांडून ठेवलाय. उष्णतेमुळे, हे वाचताच मी एसी घ्यायचा प्रस्ताव मांडला. आकडेमोड केली तर नागपूरचा ४५ अंशांचा मे आणि २५ अंशांची गार खोली यांत फरक जेमतेम पाव डेसिबलचा. ही आकडेमोड बायकोला दाखवायला नको होती.

फुकटातला उपाय एकच : माइकजवळ सरकणं. अंतर निम्मं केलं की आपला आवाज सहा डेसिबलने वाढतो, सूं मात्र आहे तिथेच राहते. आणखी जवळ गेलो तर कथेपेक्षा माझी लाळ जास्त ऐकू येऊ लागली.

शेवटी सॉफ्टवेअरमध्ये नॉइज गेट लावला. मी थांबलो की सगळंच थांबतं, पूर्ण शून्य. कथा सांगलीला पाठवली. संध्याकाळी आत्याचा फोन.

"छान वाचतोस रे. पण दर वाक्यानंतर मोबाईल बंद पडतोय बघ माझा. दुकानात नेऊन दाखवू का?"