बोअर घेणाऱ्यांसाठी काही सूचना

आपण बोअर घेण्याचे मनावर घेतले असेल, तर सर्वप्रथम भूशास्त्राचा नाद सोडावा. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाने व्यापला आहे, त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि खोल जावे तसतशा या भेगा विरळ होत जातात, असे जाणकार सांगतात. त्यांना सांगू द्यावे. आपण पाणाड्याला बोलवावे, त्याच्या तळहातावरचा आडवा नारळ जिथे उभा राहील तिथे खुंटी ठोकावी आणि ती शेजाऱ्याच्या विहिरीला जितकी जवळ, तितकी शुभ मानावी.

राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर बंधन घालू पाहतो. परंतु कायदा मीटरमध्ये आहे आणि बोअरची गाडी फुटांत मोजते, त्यामुळे मनाला लावून घेण्याचे कारण नाही. दोनशे फुटांनंतर कोरडी राखाडी भुकटी उडून अंगणातल्या तुळशीवर तिचा थर बसू लागला, तरी गाडीवाल्याच्या ‘अजून एक रॉड’ या आश्वासनावर विश्वास ठेवावा, कारण फुटाचा दर त्यालाच मिळणार असल्याने त्याच्याइतका आशावादी माणूस त्या रात्री शिवारात दुसरा नसतो.

बोअर कोरडा गेल्यास खचून जाऊ नये. तोंडावर झाकण बसवण्याचा खर्च टाळून संडासाचा पाइप त्यात सोडावा. शोषखड्ड्यातले पाणी मातीच्या थरांतून झिरपताना बरेचसे गाळले जाते, यात विनाकारण वेळ जातो. बोअरमधून मैला विनाविलंब थेट भेगेत पोहोचतो आणि त्याच भेगेवर शेजाऱ्याची विहीर असेल, तर शेजारधर्मही पाळला जातो. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडण्याचे उरलेले काम युरिया करील. पोती मोजत बसू नये.

पाणी पुरते आटले तरी घाबरू नये. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेच होते. उरलेले पाणी पिण्याजोगे राहिले नाही, तर घरी आरओ यंत्र बसवावे. एक घागर गोडे पाणी देताना ते दोन-तीन घागरी क्षारयुक्त पाणी बाहेर टाकते. ते कुठे सोडावे, हा प्रश्न आपल्याला पडणार नाही. त्या कोरड्या बोअरचे तोंड अजून उघडेच आहे.